घंटीवाल्या आजाची दाढी

चित्र काढायला बसला की चंदर पायापासून सुरुवात करायचा. जगातले सगळे चित्रकार आधी डोकं काढतात, मग मान, मग धड. या बाबाचं सगळंच उलटं. आधी दोन पाय जमिनीवर टेकवायचे, मग गुडघे, मग कंबर, आणि कागद उरलाच तर डोकं. एकदा कागद संपला म्हणून त्यानं एक तलाठी बिनटोपीचाच छापायला पाठवला होता, आणि खरा तलाठी महिनाभर त्याच्याशी बोलला नव्हता. असं उलटं का काढतोस म्हणून कुणी विचारलं तर चंदर म्हणायचा, "सवय." यापलीकडे त्यालाही काही ठाऊक नव्हतं.

पन्नाशीला टेकलेला चंदर धंद्यानं पेंटर. तलासरीच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी करंजपाडा म्हणून एक पाडा आहे, तिथला. दुकानांच्या पाट्या, टेम्पोचे नंबर, कोसबाडकडच्या शाळांच्या भिंतींवरची फळं-पाखरं, हे सगळं त्यानं हयातभर रंगवलं. मग फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. राहिल्या त्या बोटी. बोटीला फ्लेक्स चिकटत नाही, समुद्र दोन दिवसांत फाडून नेतो. त्यामुळे झाईच्या किनाऱ्यावर डागडुजीला ओढलेल्या बोटींवर नावं घालायला अजून चंदरच लागायचा. आणि गंमत बघा, शेकडो बोटींना नावं दिलेला हा माणूस आजवर एकाही बोटीत चढलेला नव्हता. पाणी घोट्याला लागलं की हा मागे सरकायचा.

पण चंदरला लोक ओळखायचे ते बोटींमुळे नाही. डहाणूत जिग्नेश नावाच्या माणसाचा छापखाना आहे. तो लग्नपत्रिका छापतो, आणि उरलेल्या वेळात 'बंदरवार्ता' नावाचं चार पानी साप्ताहिक काढतो. त्याच्या शेवटच्या पानावर गेली बावीस वर्षं दर गुरुवारी चंदरची चार चौकटींची चित्रकथा येत होती, 'घंटीवाला आजा'. छातीपर्यंत दाढी, अंगावर पायघोळ घोंगडी, हातात लहानशी घंटी आणि खांद्यावर एक खेकडा. आजा गावात शिरताना घंटी वाजवायचा, पोरंसोरं गोळा व्हायची, मग आजा भोळेपणानं काहीतरी विचारायचा आणि खांद्यावरचा खेकडा ठेकेदाराला, सरपंचाला, कुणालाही फटकन उत्तर द्यायचा. झाईपासून चिखल्यापर्यंत बाजारात मासे विकणाऱ्या बायका पेपर उलटा धरून शेवटचं पान आधी बघायच्या. पुढच्या तीन पानांना कोण विचारतो!

तर त्या दिवशी चंदर झाईला एका बोटीच्या नाकाडावर पिवळा रंग चढवत होता आणि मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजात शिकवणाऱ्या प्रगती मॅडम त्याला शोधत वाळूतून आल्या. चित्रकथांवर पुस्तक लिहीत होत्या. त्यात एक अख्खं प्रकरण घंटीवाल्या आजावर. जिग्नेशनं पत्ता दिला होता.

"सर, मी तुमचे अकराशे अंक पाहिले," त्या म्हणाल्या.

चंदरला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं. त्यानं मागे वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं. मग ब्रश पुसून तो मुकाट्यानं वाळूत बसला.

मॅडमनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर एका साधूचं जुनं चित्र. छातीवर दाढी. पायघोळ काळा झगा. हातात घंटी. आणि पायाशी, पाण्याच्या कडेला, नांगीत क्रूस धरलेला खेकडा.

"हे कुणी काढलं?" चंदरनं विचारलं. त्याला खरोखर वाटलं की कुणीतरी त्याचा आजा चोरला.

"कुणी काढलं ते माहीत नाही, पण हे संत फ्रान्सिस झेवियर आहेत. चारशे ऐंशी वर्षांपूर्वी गोव्यात आलेले. गल्लोगल्ली घंटी वाजवत फिरायचे आणि पोरं गोळा करायचे. लोक सांगतात, एकदा लांबच्या समुद्रात त्यांचा क्रूस पाण्यात पडला आणि दुसऱ्या दिवशी एका खेकड्यानं तो किनाऱ्यावर आणून दिला." मॅडमनी वही उघडली. "सर, तुम्ही शाळेला कुठं होतात?"

"तलासरीला. मिशनच्या वसतिगृहात."

मॅडमनी वहीत एक खूण केली. बस, तेवढीच खूण, पण चंदरला वाटलं आपला काहीतरी गुन्हा नोंदला गेला.

"नाही हो मॅडम," तो घाईघाईनं म्हणाला, "आजा म्हणजे माझा बा आहे. हिरू नाव त्याचं. मी पाच वर्षांचा असताना गेला. ती घंटी आमच्या बैलाच्या गळ्यातली. आणि खेकडे तर बा शेताच्या बांधावरून धरून आणायचा, खांद्यावर ठेवून मला हसवायचा. मला आठवतं ना!"

"आणि दाढी?"

चंदर आठवायला लागला. बापाला दाढी होती का? घरात बापाचा फोटो नव्हता. त्या काळी करंजपाड्यावर फोटो कोण काढणार? डोळे मिटले की त्याला बाप दिसायचा तो दाढीसकट, पण तो बाप होता की त्यानंच काढलेला आजा होता, हे आता कोण सांगणार?

मॅडम बाई चांगली होती. म्हणाली, "मला माझंच खरं करायचं नाही सर. पुढच्या रविवारी मी तुमच्या घरी येते. तुम्ही सांगाल ते छापेन. पण त्यानंतर पुस्तक छापायला जाईल." आणि पाण्याचा फुगा एखाद्याच्या हातात द्यावा तसा हा प्रश्न त्याच्या हातात देऊन त्या निघून गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? सांगून टाकायचं, बाप तर बाप, संत तर संत. कागदावरच्या माणसाला काय फरक पडतो? पण फरक पडत होता, आणि तो करंजपाड्यावर चुलीपाशी बसला होता. चंदरची आई, विठाबाई.

हिरू गेला तो घरात मेला नाही. वेरावळकडच्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला, आमच्या डोंगरातले कितीतरी बापे अजून जातात तसा. त्या वर्षी वादळात दोन माणसं बोटीवरून गेली, त्यातला एक हिरू. बोट चालवणाऱ्या तांडेलानं माणूस पाठवून निरोप दिला, तेवढंच. मढं सापडलं नाही. अंगावरचे कपडे अंगासंगं गेले. घरात त्याची म्हणून एक काठीसुद्धा उरली नाही.

आणि करंजपाड्याची रीत अशी, की आश्विनात लवकर पिकणारं हळवं भात घरात आलं तरी त्याचा दाणा तोंडात घालायचा नाही. आधी नवं करायचं. नव्या तांदळाचा भात सागाच्या पानावर घरातल्या मेलेल्यांना वाढायचा, ते जेवले की मग आपण. पण वाढायचं तर कुणापुढे? ज्याची काही निशाणी असेल त्याच्यापुढे. भगतानं विठाबाईला स्पष्ट सांगितलं होतं, "बाय, निशाणी नाय तर तो घर कसा ओळखंल? पान तसंच पडून राहंल." त्यामुळे बावीस वर्षांपूर्वीपर्यंत दर नव्याला सगळ्यांची पानं मांडली जायची, हिरूचं नाही. विठाबाई त्या दिवशी जेवायची नाही. कुणाला कारण सांगायची नाही, पण घरात सगळ्यांना कळायचं.

मग चंदरचा पहिला घंटीवाला आजा छापून आला. चंदरनं पेपर आणून आईपुढे धरला आणि म्हणाला, "आये, बा काढलाय बघ." विठाबाई किती तरी वेळ बघत राहिली. मग उठली, चुलीपाशी जाऊन भाताची खळ आणली आणि ते चित्र कापून धान्याच्या कणगीच्या वर कुडाच्या भिंतीला चिकटवलं. त्या आश्विनात पहिल्यांदा हिरूचं पान मांडलं गेलं, आणि पहिल्यांदा विठाबाई नव्याला पोटभर जेवली.

आता कळलं? चंदरचा आजा जर परक्या मुलखातला साधू निघाला, तर बावीस वर्षं नव्याचा भात भलत्याच माणसाला गेला, आणि बाप तिकडे बावीस वर्षं उपाशी. हे आईला कसं सांगायचं? आणि न सांगावं तर पुस्तकात छापून येणार. पाड्यावरची पोरं तिला दर गुरुवारी पेपर वाचून दाखवायची, ती हेही वाचून दाखवणार. धरलं तर चावतं अन् सोडलं तर पळतं, अशी चंदरची गत झाली.

एक सोपा उपाय होता. आईला सरळ विचारायचं, "आये, बाला दाढी होती का?" चंदर दोन दिवस तो प्रश्न जिभेवर घेऊन फिरला. चुलीपुढे बसायचा, घसा खाकरायचा, आणि म्हणायचा, "आये, मीठ दे." त्याची बायको पुष्पा तिसऱ्या दिवशी वैतागली. "आळणी झालंय का सगळं? सारखं मीठ मीठ काय चाललंय?" तेव्हा त्यानं पुष्पाला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. पुष्पा म्हणाली, "विचारू नका. म्हातारीला संशय आला तर ती घास टाकंल. आधी तुम्ही नक्की करा." सल्ला बरोबर होता. पण नक्की करायचं कसं, ते तिनंही सांगितलं नाही.

मग चंदर डहाणूला जिग्नेशकडे गेला. जिग्नेश लग्नपत्रिकांच्या ढिगात बसला होता. त्यानं सगळं ऐकलं आणि खूश झाला. "अरे चंदरभाई, पुस्तकात येतोय आपण! संत बोल, बाप बोल, काय पण बोल, फक्त पेपरचं नाव बरोबर छापायला सांग."

"पण खरं काय ते?"

"खरं मला काय विचारतो? चित्र तू काढलं." तरी बिचाऱ्यानं माळ्यावरून जुनी फाइल काढून दिली. चंदरनं पहिला अंक उघडला. दाढी होती. घंटी होती. खेकडा होता. पहिल्या दिवसापासून सगळं जसंच्या तसं होतं, आणि आपण ते कशावरून काढलं हे मात्र त्याला आठवेना. डोक्याचा पार भुगा झाला. जिग्नेशनं चहा पाजला आणि वर दोन शिल्लक राहिलेल्या पत्रिका दिल्या, पाठीमागे कोऱ्या असतात, चित्र काढायला बऱ्या.

परतताना तलासरीला त्यानं गाडी वसतिगृहाकडे वळवली, तिथं कधी त्या साधूचं चित्र होतं का ते बघायला. जुनं जेवणघर पाडून तिथं नवी इमारत झाली होती. भिंत नाही तर चित्र कुठलं? पण तिथला जुना स्वयंपाकी काकड्या, आता ऐंशीच्या घरातला, जवळच्याच पाड्यावर राहायचा. चंदर त्याच्या ओट्यावर जाऊन बसला.

"काकड्याबाबा, जेवणघरात एका साधूचं चित्र होतं का?"

"होतं की. चित्र कसलं, क्यालेंडर. दाढीवाला बाबा. आमटीच्या वाफेनं पिवळा झालेला."

चंदर घाईघाईनं म्हणाला, "हातात घंटी होती?"

"घंटी कुठली? क्रूस होता. घंटी मी वाजवायचो ना! जेवायची घंटी कोण वाजवायचं, तुझा काका?"

"मग खेकडा?"

काकड्यानं खूप विचार केला. "खेकडा नव्हता. पाल होती. क्यालेंडरच्या मागं राहायची." आणि मग म्हातारा एकदम पुढे सरकला, डोळे बारीक करून म्हणाला, "पण तू हे सगळं विचारतोस कशाला? मला ठाऊक हाय ना, तो घंटीवाला आजा कोण ते."

"कोण?"

"मीच की रे! दाढी माझी नव्हती का तेव्हा? ही एवढी! तू नवा आलेला, दिवसभर रडायचास, मी तुला करपलेला भात गूळ घालून द्यायचो. मी सगळ्या पाड्याला सांगितलंय, चंदर मला काढतो म्हणून." त्यानं आत हाक मारून नातसुनेला पेपर आणायला लावला. त्याच्याही घरी कात्रणं जपलेली होती.

झालं! एकाला शोधायला गेला आणि तिसराच गळ्यात पडला. काकड्याच्या तोंडावरचा आनंद बघून "नाही" म्हणायची चंदरची छाती होईना. तो "हो बाबा, तूच" म्हणाला आणि गाडीला किक मारली. वाटेत त्याला स्वतःचाच राग आला. कसला रे तू चित्रकार? बाप म्हणून काढलास, दाढी क्यालेंडरची, घंटी स्वयंपाक्याची, आणि बैलाच्या गळ्यात घंटी होती तरी का, की तीही तू मनानंच बांधलीस? निदान खेकडा तरी आपला आहे, खेकडा बाचाच आहे, असं तो स्वतःला बजावत घरी आला.

रविवार उजाडला. आणि योग बघा, त्याच रविवारी करंजपाड्यावर नवं होतं. पुष्पानं पहाटेच नवा तांदूळ कांडला होता. विठाबाई न्हाऊन, पदर खोचून कणगीपाशी जागा सारवत होती. सागाची पानं धुऊन उभी करून ठेवलेली. तेवढ्यात अंगणात मॅडमची गाडी आली.

चंदर त्यांना बाहेरच थोपवायला धावला, पण विठाबाईच्या कानांना काय झालंय? "कोण आलंय? आज आलेला पावना बाहेर नको. आत घे," ती ओरडली.

मॅडम आत आल्या, जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि समोर कुडावर त्यांना ते कात्रण दिसलं. बावीस वर्षांच्या धुरानं काळवंडलेलं, खाली हळद-कुंकू, आणि बरोबर त्याच्यासमोर विठाबाईनं मांडलेलं एक रिकामं सागाचं पान. मॅडम हुशार. त्यांनी वही पिशवीतच ठेवली.

पण चंदरला आता राहवेना. आठवडाभर दाबून ठेवलेलं एका दमात बाहेर पडलं. क्यालेंडर, गोव्याचा साधू, क्रूस, काकड्या, पाल, सगळं. मध्येच घाबरून म्हणाला, "आये, मला बा आठवतच नाय गं. मी तुला फसवलं. मला वाटलं मला आठवतोय." आणि पन्नास वर्षांचा तो बाप्या गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. पुष्पा दारात उभी होती, तिच्या हातातली भाताची टोपली तशीच राहिली.

विठाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दाढीचं म्हणतोस?"

"हं."

"तुझ्या बाला दाढी नव्हती."

चंदरनं डोकं वर केलं.

"मिशीपण धड नव्हती. चार केस. मी हसायचे त्याला."

"मग तू... मग हे चित्र लावलंस कसं? तुला पहिल्याच दिवशी कळलं असंल ना, हा बा नाय म्हणून!"

"बा का नाय?" विठाबाई म्हणाली. "मला वाटलं, इतकी वरसं पाण्यात हाय. तिथं कोण न्हावी बसलाय? वाढली असंल."

मॅडमनी मान खाली घातली. चंदर आईकडे बघत राहिला. त्याला हसावं की रडावं तेच कळेना.

"आणि खेकडा?" त्यानं शेवटचा आधार धरून विचारलं. "खेकडे तर बाच धरायचा ना?"

"तो?" विठाबाईला भलतंच हसू फुटलं. "तो खेकड्याला भिऊन बांधावरून पळायचा! एकदा अंगठ्याला धरला होता, आठ दिवस लंगडला. खेकडे मी धरायचे. खांद्यावर ठेवून तुला मी हसवायचे."

म्हणजे तोही गेला. चंदरनं हात टेकले. "मग यात बा हाय कुठं, आये? काहीच नाय त्याचं?"

विठाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. कात्रणापाशी गेली आणि एक बोट टेकवलं. दाढीवर नाही, घंटीवर नाही. पार खाली.

"हे काय हाय?"

चंदर जवळ गेला. आजाचे पाय. डावं पाऊल उजव्या पावलावर ठेवलेलं, अंगठ्यानं अंगठा खाजवल्यासारखं. आजा उभा राहिला की असाच उभा राहायचा, बावीस वर्षं, प्रत्येक चौकटीत. मॅडमनी अकराशे अंक बघितले होते, पण हे त्यांच्या वहीत नव्हतं. खरं म्हणजे चंदरच्याही ध्यानात कधी आलं नव्हतं. हात आपोआप तसे पाय काढायचा.

"हा हिरू," विठाबाई म्हणाली. "खेकड्यानं धरला तेव्हापासनं असाच उभा राहायचा, अंगठा लपवून. बोलायला उभा राहिला की पाय पायावर. मी चित्र बघितलं आणि पाय बघून ओळखलं. दाढी मग बघितली." तिनं चंदरच्या डोक्यावर हात ठेवला. "तू एवढासा होतास, त्याच्या गुडघ्याएवढा. तुला त्याचं तोंड कुठलं दिसणार रं? सकाळी उठून कामाला जायचा, सांजचा यायचा, तू खाली मातीत खेळत. तुला पायच दिसायचे."

चंदरनं स्वतःच्या हातांकडे बघितलं, पिवळा रंग अजून नखांत होता.

विठाबाई मात्र कामाला लागली होती. रिकाम्या पानाकडे बघून ती थबकली आणि मॅडमना म्हणाली, "बाय, त्या गोव्याच्या बाबाचं काय झालं? कुठं मेला तो?"

मॅडम दचकल्या. "चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर. बोटीची वाट बघत. आजारी पडले. घरापासून खूप लांब. मग नंतर त्यांचं शरीर गोव्याला आणलं. अजून आहे तिथं, लोक दर्शनाला जातात."

"मढं तरी सापडलं," विठाबाई हळूच म्हणाली. "पण बोटीचीच वाट बघत मेला म्हण की." तिनं कात्रणाकडे बघितलं. "आणि बावीस वरसं दाढी त्याची, पाय याचे, आणि पान एक. दोघं एका पानात जेवले असतील. भांडले असतील मेले, नायतर काय! पुष्पा, अजून एक पान आण."

पुष्पानं पान आणलं. विठाबाईनं दोन्ही पानं शेजारी शेजारी मांडली, दोन्हींवर वाफाळता नवा भात वाढला, वर काकडीची फोड ठेवली.

"आये, तो आपला नाय. तो खाईल का असलं?" चंदरनं विचारलं.

"माझ्या पोराला रोज जेवताना समोर बसून बघत होता ना त्या क्यालेंडरातून? मग परका कसा? आणि काकड्याला भात पाठव सांजच्याला. तो जिता हाय, त्याला हातात दे."

मॅडमनी डोळे पुसले आणि विचारलं, "सर, मग मी काय लिहू?"

चंदरनं आईकडे बघितलं, दोन्ही पानांकडे बघितलं. त्याला अजूनही सगळं नीट कळलं होतं असं नाही. "लिहा," तो म्हणाला, "पायापासून लिहा. वर जाताना जो जो भेटेल त्याचं नाव घाला."

मॅडमनी वही काढली. विठाबाई पाणी फिरवून मागे सरकली, आणि मग एकदम काहीतरी आठवल्यासारखी कात्रणाकडे बोट करून म्हणाली, "खेकडा माझा हाय हे पण लिही गं बाय. पण चंदर, त्या खेकड्याचं पान आताच मांडू नको. मी अजून माझ्या हातानं जेवतेय."

आणि तिनं टोपली ओढून भाताचा पहिला घास तोंडात घातला.